मामांचा पटर

आमचे मामा माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघत नसत. दारात कोणीही उभं राहिलं की त्यांची नजर त्याच्या लोंबत्या हातांवर जायची, तिथून मनगटावर आणि मनगटावरून सरळ खाली जमिनीवर. मग डोळे किंचित बारीक करून ते मनाशी एक आकडा ठरवायचे आणि त्यानंतरच "ये, बस" म्हणायचे. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, आकडे राहत. "मघाशी ती साडेएकतीस ताक ठेवून गेली," असं ते मामीला सांगत आणि मामीला बरोबर कळे की शेजारची सुलभा येऊन गेली. मी साडेतेहतीस. तलाठी छत्तीस. सरपंचबाईंना त्यांनी भर ग्रामसभेत "ह्या तीस" म्हणून ओळखलं, तेव्हा मामीने दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता.

हे आकडे म्हणजे इंच. ते कसले, हे सांगायला हवं. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमच्या रत्नागिरीकडची माणसं आखातात जातात ती बोटीवर, हॉटेलात, नाहीतर गाडी चालवायला. मामा गेले सुतार म्हणून आणि पोचले एका गोल्फ क्लबच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे साहेबलोकांच्या खेळायच्या काठ्या दुरुस्त होत. हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की लांबून मारत मारत बॉल हिरवळीवर, म्हणजे ग्रीनवर आणला की शेवटी त्याला हळूच ढकलून भोकात घालतात. ते ढकलायची जी काठी, तो पटर. सव्वीस वर्षं मामांनी पटरच्या दांड्या कापल्या, मुठी बदलल्या, वजनं घातली. गावात कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या सामानात एक ब्लँकेट, अत्तराच्या दोन बाटल्या आणि कोणीतरी टाकून दिलेले पाच जुने पटर होते. मामीला बांगड्यांची अपेक्षा होती.

"उंची लग्नाला विचारतात," मामा म्हणायचे, "पटरला हात किती लोंबतात तां विचारायचं." दुकानदार उंच माणसाला लांब पटर देतो आणि बुटक्याला आखूड, हा मामांच्या मते शुद्ध गाढवपणा. त्यांच्या क्लबात एक ताडमाड गोरा साहेब होता. उभा राहिला तर पत्र्याला डोकं लागेल, पण हात गुडघ्यापर्यंत. त्याला कोणीतरी छत्तीस इंची पटर दिलेला. मुठीचं टोक पोटात टोचायचं, म्हणून तो बॉलपासून हातभर लांब उभा राहायचा, आणि बॉल एकदा डावीकडे एकदा उजवीकडे. मामांनी त्याला न विचारता तीन इंच कापला. साहेब आधी असा खवळला, की मामांनी म्हणे त्या दिवशी पेटी भरायला घेतली होती. आठवड्याने तोच साहेब शेडच्या दारात येऊन हात जोडून उभा. "लांब झाला तर पोटात टोचतो, आखूड झाला तर कंबर मोडतो. मापाचा झाला, की हातात हाय ह्याची याद पण राहत नाय," असं म्हणून मामा ही गोष्ट संपवत. मी ती किमान चाळीस वेळा ऐकली असेल. दर खेपेला साहेबाचे हात थोडे लांब होत.

मी हायस्कुलात गणित शिकवतो. त्यामुळे मामा मला "मास्तर" म्हणत आणि आपली खरी विद्या ज्याला कळेल असा गावात मी एकटाच आहे अशी त्यांची समजूत होती. मला खरं सांगायचं तर ती विद्या फारशी कळत नव्हती आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. ज्या गावात एकही गोल्फचं मैदान नाही, तिथे गोल्फच्या काठीची लांबी किती असावी, या प्रश्नाला माझ्या लेखी फारसा अर्थ नव्हता. मामांना हे मी एकदा बोलून दाखवलं. त्यावर ते म्हणाले, "मेल्या, तू पोरांना शिकवतोस त्या दोन गाड्या स्टेशनात कुठं येतात?" 

त्यांची दुसरी विद्या पासंगाची. वाण्याच्या तराजूला सारखं करायला एका बाजूला बांधतात तो पासंग सगळ्यांना ठाऊक असतो. मामा पटरच्या मुठीच्या टोकात वजन घालत, त्यालाही ते पासंगच म्हणत. पटरचं खालचं डोकं जड असतं. ज्याची मनगटं वळवळतात त्याच्या हातात ते डोकं वाटेल तसं फिरतं. अशा माणसाला थोडी लांब दांडी आणि लांब मूठ द्यायची, वरच्या टोकात वजन ठेवायचं आणि हात मात्र खाली, नेहमीच्या जागीच धरायला सांगायचे. म्हणजे हातांच्या वरही वजन, खालीही वजन, आणि मधले हात गप्प. "मुंडकं जड असलं की हात घाबरतो. शेपटीला वजन दे, मुंडकं शहाणं होतं." पण याचाही अतिरेक नको. शेपटी फार जड झाली तर मुंडकं कुठे आहे तेच हाताला कळत नाही, आणि बॉलला किती ढकलायचं त्याचा अंदाज जातो. "आमच्या घरात पासंग जास्त झालाय," असं एकदा ते मामीकडे बघत म्हणाले. त्या रात्री त्यांना आमटी वाढायची राहून गेली.

पटर विकत घेणारं गावात कोणी नव्हतं, म्हणून मामांनी ही विद्या घरातल्या वस्तूंवर चालवली. मामीची कंबर दुखायची. केरसुणी आखूड असल्यामुळे कंबर दुखते, असं निदान करून मामांनी केरसुणीला बांबूची दांडी लावली, मनगटापर्यंत माप घेऊन, आणि दांडीच्या पोकळ टोकात जाळ्याला बांधायच्या शिशाच्या गोळ्या ठोकून बसवल्या. झाडायला ती केरसुणी झकास होती, हे मामीही कबूल करते. पण भिंतीला टेकवून ठेवली, की वरचं वजन तिला निवांत उभं राहू देईना. पहिल्या दिवशी ती मांजरावर पडली. तिसऱ्या दिवशी मीटर बघायला आलेला वायरमन ओटीवर पाणी पीत बसला होता, त्याच्या टाळक्यात पडली. मामा धावत आले ते वायरमनकडे नव्हे, केरसुणीकडे. तिचं शिसं जागेवर असल्याची खात्री झाल्यावर मग ते त्याला म्हणाले, "लागलं काय रे, चौतीस?" त्यानंतर तो वायरमन आमच्या मामांचं मीटर बेड्याच्या, म्हणजे कुंपणाच्या फाटकाच्या, बाहेरूनच वाचत असे.

खरी लढाई मात्र खळ्याची. आमच्याकडे पाऊस सरला की घरापुढचं खळं करतात. माती घालायची, चोपण्याने चोपून चोपून सपाट करायची आणि शेणाने सारवायची. मामा आल्यापासून हे काम त्यांनी कोणाला करू दिलं नाही. स्वतः पालथे पडून, एक डोळा मिटून ते जमिनीची पातळी बघत. खळं तयार झालं की मधोमध एक करवंटी पुरत आणि म्हणत, "हा आमचा ग्रीन." सारवलेल्या खळ्यावर बॉल काय सुंदर घरंगळायचा, ते मात्र बघण्यासारखं होतं. पण ऊन तापलं की त्याच खळ्यावर मामीचे पापड, कुरडया, आमसुलं येत. शेवटी रांगोळीने रेघ मारून वाटणी झाली. बॉल पापडांत गेला तर पुन्हा मारायचा. पापड मोडला तर त्या दिवसाचा खेळ बंद. आणि खळ्यावर चपला घालून कोणीही पाय ठेवायचा नाही, हा मामीचा नियम सगळ्यांना, कलेक्टर आला तरी.

मामा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्याच्या आधीचं एक वर्ष मला सगळ्यात जास्त आठवतं.

त्या वर्षी एकदा मी गेलो असता मामांनी चहा बशीत ओतला आणि बशी ओठांपर्यंत पोचायच्या आत निम्मा चहा लुंगीवर. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मामा म्हणाले, "हाताला काय नाय झालेलं. बशीचा तोल चुकलाय. कंपनीचा दोष." पुढच्या खेपेला त्यांच्या चमच्याच्या टोकाला शिशाची गोळी बांधलेली दिसली. उजवा हात सारखा कापत होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि हे हळूहळू वाढत जाणार, असं सांगितलं होतं. ज्या माणसाने हजारो लोकांचे हात गप्प केले त्याचाच हात गप्प बसेना, याचं मला फार वाईट वाटलं. पण मामांसमोर वाईट वाटून घ्यायची सोय नव्हती. तेवढ्यात ते तुमचं माप काढत.

मग एक दिवस त्यांनी मला खळ्याच्या कडेला बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, तुला एक सांगू? मी ग्रीनवर कधी पाय ठेवला नाय." मला आधी कळलंच नाही. सव्वीस वर्षं? "कामगारांनी कडेच्या रस्त्यानं जायचं. पटर झाला की शेडमधल्या कार्पेटवर चार बॉल मारून बघायचे नि साहेबाच्या हातात द्यायचा. साहेब ग्रीनवर, मी कडेला." थोडा वेळ ते करवंटीकडे बघत राहिले. "एकदा खऱ्या गवतावर मारायचे हायत. तीनच बॉल. जास्त नको. पण हात पुरता जायच्या आत."

घाटावर एक जुनं गोल्फचं मैदान आहे आणि तिथला मॅनेजर प्रसाद हा माझा विद्यार्थी. मी त्याला नववीत गणितात दोनदा नापास केलं होतं, त्यामुळे फोन करताना माझी जीभ जरा जड झाली. तो बिचारा एका वाक्यात हो म्हणाला. "सर, फक्त बूट लागतील हं, नियम आहे," एवढंच त्याने सांगितलं.

त्यानंतरचा महिना मामांनी स्वतःसाठी पटर केला. दुसऱ्यांचे हजारो केले, स्वतःचा हा पहिलाच. आपलं माप आपल्याला घेता येत नाही, म्हणून टेप माझ्या हातात आली. मामा खळ्यावर उभे राहिले, खांदे सैल सोडले, मान खाली, डोळे बरोबर बॉलच्या वर. मी मनगटापासून खाली टेप सोडली. "नीट बघ. पाव इंच चुकलास तर गळा दाबीन." मी दोनदा बघितलं, वहीत लिहिलं, खाली सही केली. मग दांडी चार इंच लांब ठेवून वरच्या मोकळ्या मुठीत शिसं भरायला सुरुवात झाली. एक गोळी घालायची, दहा बॉल मारायचे. पुन्हा एक गोळी. सातव्या गोळीला मामा वैतागले, "मुंडकं हरवलं!" दोन काढल्या तर हात पुन्हा कापायला लागला. आठवडा असा गेला. शेवटी मामी पापड उलटता उलटता म्हणाली, "अवो, गोळ्या कशाला मोजताव? हात जरा खाली धरा की. वरचं आपोआप जड होतंय."  हात दोन बोटं खाली सरकवून मामांनी बॉल मारला. तो सरळ करवंटीत गेला. मामांनी त्या जागी मुठीला काळा दोरा गुंडाळला आणि मला हळूच म्हणाले, "मी तांच करणार होतो."

पहाटेच्या एसटीने आम्ही तिघे निघालो. मामी का आली, तर "मी नसले तर ह्ये तिथल्या सायबांना आकडे सांगत बसतील." मामांनी पटर लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून उभा धरला होता. कंडक्टरने विचारलं, "आजोबा, हे काय?" मामा म्हणाले, "हात सोड बघू." कंडक्टरने खरंच हात सोडला. "पस्तीस," असं म्हणून मामा खिडकीबाहेर बघू लागले, आणि तो माणूस घाट संपेपर्यंत मागे वळून वळून आमच्याकडे बघत होता. मामांच्या पायात नवे कोरे बूट होते. रत्नागिरीच्या बाजारात मी स्वतः बरोबर जाऊन घेऊन दिलेले, चांगले जाड तळव्याचे.

मैदानावर प्रसादने आम्हाला चहा दिला आणि ग्रीनपाशी नेलं. मामा कडेला येऊन थांबले. पाय पुढे टाकेनात. प्रसाद म्हणाला, "या ना काका." मामांनी एकदा मागे बघितलं, कोणी हटकत नाही ना ते, आणि मग हिरवळीवर पाय ठेवला. मी भोकापासून आठ पावलांवर तीन बॉल मांडले. मामी बाकावर बसली होती. तिचा पदर तिने दोन्ही हातांनी घट्ट धरलेला मला दिसला.

मामा उभे राहिले, काळ्या दोऱ्यावर हात धरला आणि थबकले. पटर जमिनीला टेकेना. बोटभर अंतर राहत होतं. त्यांनी हात वर सरकवले. पटरचं डोकं टेकलं, पण हातांच्या वरचं वजन कमी पडलं आणि हात पानासारखा कापायला लागला. पहिला बॉल भलतीकडेच गेला. दुसऱ्याला त्यांनी दोऱ्यावरच हात धरून कंबरेत वाकून मारला. तो निम्म्या वाटेवर थांबला. मामा सरळ झाले, कंबर धरली, आणि त्यांची नजर हळूहळू खाली गेली. हातावरून पटरवर. पटरवरून बुटांवर. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

 माप घेताना मीच म्हणालो होतो, "मामा, चपला काढा, मामी ओरडेल." सारवलेल्या खळ्यावर चपला घालून उभं राहायचं, हे आमच्या दोघांच्या डोक्यातच आलं नाही. सव्वीस वर्षं दर साहेबाला "आधी बूट घालून या" असं सांगणारा माणूस आणि बावीस वर्षं गणित शिकवणारा मी, आम्ही दोघांनी मिळून अनवाणी माप घेतलं होतं.

मामा तिथेच गवतावर बसले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले. कापत्या हातांना ते जमेना, म्हणून मी खाली बसून सोडल्या. प्रसाद अवघडून म्हणाला, "सर, बूट काढून ग्रीनवर... कोणी मेंबरने बघितलं तर..."  पलीकडे पाइप धरून एक म्हातारे माळी उभे होते. ते तिथूनच म्हणाले, "सायेब, गवताला बूट लागतोय. पाय लागत न्हाई. मारू द्या त्येस्नी." प्रसादने क्लबघराकडे पाठ केली.

मामा अनवाणी उभे राहिले. दोऱ्यावर हात धरला. पटर जमिनीला अलगद टेकला. तिसराच बॉल उरला होता. हात कापत होता, पण आता पूर्वीसारखा नाही. मामांनी वाट बघितली. कंप थांबेल म्हणून नव्हे, तो थांबणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण जाणारा येणारा जो एक झोका असतो, त्यातला एक त्यांनी निवडला आणि त्याच्याबरोबर पटर सोडला. बॉल चालला, जरा डावीकडे कलला, कडेला अडखळला आणि आत पडला. मामांनी मान वर केलीच नाही. आवाज ऐकला आणि तसेच खाली बघत राहिले.

"काका, मस्त! अजून मारा की," प्रसाद म्हणाला. मामांनी मानेनेच नको म्हटलं. मी जवळ जाऊन म्हणालो, "मामा, चूक माझी. दोन बॉल माझ्यामुळे फुकट गेले." पाव इंचासाठी गळा दाबणारा माणूस. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. मामा म्हणाले, "माप बरोबर होतं रे. बूट चुकले."

मामीने बाकावरून हाक मारली, "चला आता, परतीची गाडी चुकेल." मामा हलले नाहीत. पायाची बोटं त्यांनी गवतात रोवली होती आणि पुन्हा पुन्हा उघडत मिटत होते, जसं लहान मूल वाळूत करतं. "थांब गो जरा," ते म्हणाले. "गवत थंड हाय. मला वाटायचं कार्पेटसारखं असेल." मामी उठून आली. कडेला क्षणभर थांबली. मग तिनेही चपला काढल्या, हिरवळीवर येऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि त्यांचा कापता हात तिने आपल्या हातात घेतला. प्रसाद माझ्याकडे बघून हसला. मला रडू येत होतं, म्हणून मी मामांचे बूट उचलले आणि त्यांची माती झाडत बसलो.